मुळांचं टॉनिक, नारळपाणी आणि फिरता मेसेज

बोन्सायवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: कुंडी बदलली की दर आठवड्याला रूट बूस्टर (मुळांचं बाटलीबंद टॉनिक) द्या, त्यातल्या बी-वन जीवनसत्त्वामुळे झाडाला धक्का बसत नाही, कापलेल्या मुळांना रूटिंग पावडर (कलमांना मुळं फुटावीत म्हणून लावतात ती) चोळा, बाटली परवडत नसेल तर नारळपाण्यात मध घालून ओता, आणि पानं पिवळी पडली तर मुळं अशक्त आहेत असं समजून डोस दुप्पट करा. पुराव्याला एका वडाचे आधीचे-नंतरचे दोन फोटो, आणि खाली ‘जपानमध्ये सगळे हेच करतात’. आमच्या मावशीने हे वाचून भर जुलैत जेडच्या (जाड, पाणी साठवणाऱ्या पानांच्या झाडाच्या) कुंडीत मगभर द्रावण ओतलं, तेव्हा आता गप्प बसणं शक्य नाही.

सुरुवात शेवटच्या सल्ल्यापासून करू, कारण झाडं मरतात ती त्यानेच.

पानं पिवळी पडून गळू लागली की मुळं बिघडलेली असू शकतात, इतकं खरं. पण उथळ कुंडीत मुळं बिघडतात ती बहुतेक वेळा गुदमरून. पाणी घातल्यावर कुंडीच्या तळाशी एक चिंब थर राहतोच, भोक कितीही मोठं ठेवा. माध्यम, म्हणजे कुंडीत भरलेली माती किंवा मिश्रण, जितकं बारीक, तितका तो थर उंच. पाच सेंटिमीटर खोलीच्या कुंडीत बारीक माती, शेणखत आणि कोकोपीट भरलंत तर जवळजवळ अख्खी कुंडी म्हणजे तो थर. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. मूळ गुदमरतं, मग सडतं. सडलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून पानं तहानलेली दिसतात, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. आणि हा मेसेज सांगतो, डोस दुप्पट! डोस म्हणजे काय, तर एक-दोन मिली औषध आणि लिटरभर पाणी. औषधाचं सोडा, त्या लिटरभर पाण्यानेच झाड जातं.

त्याऐवजी झाड कुंडीतून बाहेर काढा आणि मुळं बघा. जिवंत मूळ चिवट असतं, वड-फायकसच्या वाढत्या मुळाचं टोक पांढरट दिसतं. सडलेलं मूळ काळपट, मऊ, वास मारणारं. चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निसटते आणि आत नुसता दोरा उरतो. तसं दिसलं की स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने निरोगी भाग लागेपर्यंत कापा. वड, पिंपळ, फायकस असेल तर मुळांच्या प्रमाणात पानंही कमी करा. नवं माध्यम विटेचा चुरा आणि जाड वाळूचं: 2 मिमीच्या चाळणीवर राहील आणि 5-6 मिमीच्या चाळणीतून पडेल तेवढंच घ्या. खाली पडलेली धूळ फेकून द्या. ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून परत मिसळलीत तर चाळलंत कशाला? झाड तळाच्या भोकांतून घेतलेल्या तारेने कुंडीला घट्ट बांधा. ही पायरी निम्मे लोक गाळतात. वाऱ्याने खोड हललं की नुकती फुटलेली केसाएवढी मुळं तुटतात, आणि मग महिनाभराने ‘टॉनिक कुठलं घालू’ असा प्रश्न येतो. पाणी एकदाच, खालून स्वच्छ निघेपर्यंत. पुढचं पाणी बांबूची काडी विचारून: दोन सेंटिमीटर खुपसून दहा मिनिटांनी काढा, ओली निघाली तर थांबा. सावलीत, पावसाची झड लागणार नाही अशी जागा. खत तीन-चार आठवडे अजिबात नाही. कापलेल्या मुळांना क्षार सोसत नाहीत, आणि बूस्टरच्या नावाखाली विकली जाणारी काही द्रावणं प्रत्यक्षात पातळ खतंच असतात.

जेड आणि अडेनियमचं तर उलटंच. मुळं कापल्यावर झाड चार-पाच दिवस सावलीत उघडं ठेवून जखमा सुकू द्यायच्या, कोरड्या माध्यमात लावायचं, वर आठवडाभर पाणी नाही. त्यांना ‘लावल्या लावल्या द्रावण ओता’ सांगणं म्हणजे कुजवण्याची कृतीच.

आता बी-वन. ही गोष्ट 1930च्या दशकातली. अमेरिकेत कॅल्टेक विद्यापीठात वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स बॉनर यांनी वाटाण्याची मुळं झाडापासून तोडून पोषकद्रावणात वाढवली. त्या तुटलेल्या मुळांना थायमिन, म्हणजे बी-वन, लागतं असं दिसलं. बागकामाच्या बाजाराने तेवढंच उचललं. पुढे अख्ख्या झाडांवर चाचण्या झाल्या तेव्हा तो परिणाम टिकला नाही. कारण साधं आहे: पानं असलेलं झाड स्वतःचं थायमिन स्वतः बनवतं आणि मुळांकडे पाठवतं. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या उद्यानविद्यातज्ज्ञ लिंडा चॉकर-स्कॉट यांनी हा सगळा इतिहास तपासून निष्कर्ष दिला आहे: पुनर्लागवडीचा धक्का बी-वनने कमी होत नाही, अशा बाटल्यांनी कुठे मुळं फुटलीच, तर ती सोबत घातलेल्या ऑक्सिन संप्रेरकामुळे. बॉनर यांचा प्रयोग ऐंशी-नव्वद वर्षं जुना, त्याचं खंडनही जवळजवळ तितकंच जुनं, आणि मेसेज कालचा.

मग ऑक्सिन, म्हणजे रूटिंग पावडर, चांगलीच की? छाट कलमाला आणि गुटीला (फांदी झाडावरच असताना तिला मुळं फोडणं), हो. बोन्सायमध्ये तिचा खरा उपयोग आहे. खोडाच्या एका बाजूला मुळं नसतील किंवा वरचाच भाग वेगळा काढायचा असेल, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला फांदीच्या जाडीच्या दीडपट रुंदीची साल गोल काढा, खालचा निसरडा हिरवट थर पूर्ण खरवडा (राहिला तर साल परत जुळते), आणि 3000 पीपीएमची आयबीए (ऑक्सिनचाच एक प्रकार) पावडर कापाच्या फक्त वरच्या कडेला लावा. झाडाचं स्वतःचं ऑक्सिन वरून खाली येऊन तिथेच साठतं, मुळंही तिथेच फुटतात. वर ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ), त्यावर प्लास्टिक. पण आधीच फुटलेल्या मुळांना तीच पावडर चोळणं आणि दर आठवड्याला ऑक्सिन कुंडीत ओतणं निराळं. वाढत्या मुळाच्या टोकाला ऑक्सिन जरा जास्त झालं की त्याची लांबी वाढणं थांबतं. शिवाय वडाला फांदी मातीत खोचली तरी मुळं फुटतात, त्याला कसली पावडर?

नारळपाण्याचा मुद्दा वाचून हसावं की रडावं कळत नाही. त्यात झाडांवर परिणाम करणारं काहीतरी आहे, हे 1941पासून माहीत आहे. ऊतीसंवर्धनात ते वापरतातही. पण त्यातलं नाव घेण्यासारखं संप्रेरक म्हणजे सायटोकायनिन, आणि ते फुटव्याला चालना देतं, नवी मुळं फुटायला अडवतं! वर मध घातलात की मुंग्या आणि बुरशीची सोय झाली.

ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतलं आम्ल) आणि समुद्रशेवाळाच्या अर्काबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल. चाचण्यांमध्ये मुळांची वाढ काही वेळा खरंच वाढलेली दिसते. पण चांगल्या माध्यमातल्या निरोगी झाडाला फरक जाणवेलच असं नाही, आणि चिखलातल्या झाडाला तर नाहीच. मायकोरायझा (मुळांशी जोडून राहणारी उपयोगी बुरशी) पावडरचंही तसंच: बुरशी जिवंत हवी, मुळाला लागायला हवी, आणि कुंडीत स्फुरदाचा मारा नको. डीएपीचे (भरपूर स्फुरद असलेल्या खताचे) दाणे टाकून वर मायकोरायझा टाकणाऱ्यांनी दोन्हीचे पैसे घालवले.

जपानमध्येही अशा बाटल्या मिळतात, कबूल. पण तिथे माती चाळणं, झाड बांधणं आणि हंगाम पाहणं कुणी बाटलीवर सोडत नाही. फोटोंचं म्हणाल, तर शेजारी बाटली न दिलेला दुसरा वड कुठे आहे? जूनमध्ये कुंडी बदललेला वड दोन-तीन आठवड्यांत पालवतोच. आणि पालवी म्हणजे मुळं फुटली असंही नाही. खोडातल्या साठ्यावर पानं येतात आणि साठा संपला की माना टाकतात.

तरीही बाटली घ्यायचीच असेल तर लेबल वाचा. 2021पासून बायोस्टिम्युलंट, म्हणजे वाढीला चालना देणारी अशी द्रावणं, केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. घटक आणि टक्केवारी न छापलेली, नुसतंच ‘चमत्कारी’ लिहिलेली बाटली दुकानातच ठेवा. घेतलेलं औषध एकाच जातीच्या, एकाच दिवशी कुंडी बदललेल्या दोन झाडांपैकी एकालाच द्या, दुसऱ्याला तेवढंच साधं पाणी. पुढच्या कुंडीबदलाला दोन्हींची मुळं शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा, आणि ग्रुपवर टाकायचाच असेल तर तो टाका.