उंदराला औषध विषाच्या आधी पाजतात, मामा!

काल रात्री आमच्या कागलच्या मामांनी फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला. 'पॅराक्वाट तणनाशक पोटात गेलं तर घाबरू नका, दवाखान्याची घाई नको, हळदीचं दूध आणि लिंबूपाणी द्या, अँटिऑक्सिडंटने विष मरतं, उंदरांवर सिद्ध झालंय. उलटी झाली की धोका टळला. ऑक्सिजन लावला की फुफ्फुस वाचतं.' खाली सगळ्यांचे अंगठे. भांगलणीला माणूस मिळत नाही म्हणून मामा या वयात स्वतः पंप पाठीवर घेऊन उसात तणनाशक मारतात, त्यामुळे मला गप्प बसवेना.

उंदरांचं अर्धं खरं आहे, मान्य. कर्क्युमिन (हळदीतला घटक), व्हिटॅमिन सी, ई, एन-ॲसिटिलसिस्टीन, असली सगळी अँटिऑक्सिडंट देऊन बघितलीत आणि बऱ्याच प्रयोगांत फुफ्फुसाची हानी कमी दिसलीय. पण औषध कधी दिलं ते बघा की! एम.फार्मला मी स्वतः हे केलंय. आमचं विष वेगळं होतं, पॅरासिटामॉल, पण पद्धत तीच. शेपटीवर मार्करने रेघा मारून नंबर टाकायचे, रोज सकाळी वजन करायचं, त्या हिशोबाने बोथट टोकाच्या सुईने औषध तोंडावाटे थेट पोटात सोडायचं, असं सात दिवस, आणि मग विष. असल्या बऱ्याच प्रयोगांत औषध विषाच्या आधी नाहीतर लगेच पाठोपाठ असतं. माणूस काय आठवडाभर आधी तयारी करून चुकून विष पितो काय? त्यात दुधातल्या हळदीतलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं.

आणि पॅराक्वाट एकदा मारा करून संपत नाही. ते पेशीतून इलेक्ट्रॉन घेतं, ऑक्सिजनला देतं, परत मोकळं होतं, परत तेच. फुफ्फुस तर ते स्वतःहून ओढून घेतं. म्हणूनच ऑक्सिजनचा सल्ला सगळ्यात घातक. या विषात जास्तीचा ऑक्सिजन म्हणजे आगीत रॉकेल, डॉक्टरसुद्धा अगदीच गरज पडल्याशिवाय लावत नाहीत.

छोट्या अभ्यासात चांगलं दिसलेलं मोठ्या ट्रायलमध्ये आपटतं, हे पॅराक्वाटमध्येच झालंय. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर डॉक्टरांची मोठी आशा होती, श्रीलंकेत पेशंटवर रीतसर रँडमाइज्ड ट्रायल (कुणाला औषध द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून केलेली चाचणी) झाली, २०१८ ला छापून आली, मृत्यू कमी झाले नाहीत. मग हळदीच्या दुधाचं काय घेऊन बसलाय?

उलटीचं तर बोलूच नका. उलटीनंतर माणूस एक-दोन दिवस बरा वाटू शकतो, बोलतो, चहा मागतो, आणि मग किडनी आणि श्वास जातो. सुरुवातीच्या तासा-दोन तासांत दवाखान्यात कोळशाची पावडर नाहीतर मुलतानी मातीसारखी माती पाजतात, तेवढाच काय तो उपयोग, आणि मेसेज नेमकी तीच वेळ खातोय. पोटात गेलंय कळलं की तडक कोल्हापूरचा सीपीआर, म्हणजे सरकारी दवाखाना, गाठायचा.

मामा, मेसेज डिलीट करा. आणि गोठ्याच्या कोनाड्यात कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलेलं आहे ना, ते आजच लेबल असलेल्या मूळ डब्यात परत घाला, बाटली फोडून टाका. नातवंडं सुट्टीला येणार आहेत.