साक्षगंधातच लगन लागू नये म्हणून

पोराचं किंवा पोरीचं लग्न जुळलं की पहिला प्रश्न येतो, तयारीला किती दिवस ठेवायचे? माझं ऐकाल तर वर्षभर ठेवा. दीड वर्ष जमलं तर सोन्याहून पिवळं. त्याहून कमी ठेवलं तर लग्न स्वस्तात आटोपण्याची दाट भीती असते, आणि ज्याच्या घरचं लग्न स्वस्तात झालं त्या बापाला पुढची दहा वर्षं गावच्या पानठेल्यावर मान वर करून पान खाता येत नाही.

ही भीती पोकळ नाही. आपल्या विदर्भातल्या पेपरांची तालुक्याची पानं उघडून पाहा. उन्हाळा लागला की बातमी येतेच, 'साक्षगंधातच उरकला विवाह', म्हणजे साखरपुड्याच्या मांडवातच लग्न लागलं. सोबत फोटो असतो. नवरदेवाच्या अंगात साधा शर्ट, नवरीच्या गळ्यात झेंडूचा हार आणि मागे चार बुढे दात काढून उभे. बातमीदार त्याला 'नवा आदर्श' म्हणून मोकळा होतो. त्या एका दुपारपायी मांडव-बिछायतवाला, आचारी, घोडीवाला, वरातीत संदल वाजवणारा आणि छापखान्यावाला असे किती जण उघड्यावर आले, ते मात्र कोणी छापत नाही.

तेव्हा साक्षगंध आणि लग्न यांच्यात भरपूर अंतर पाडा. अंतर असलं की लग्न आपोआप वाढतं, त्याला वेगळं खत घालावं लागत नाही. सुरुवातीला पाहुण्यांची यादी तीनशेची असते, घरचे आणि सोयरे मिळून. महिनाभराने आठवतं, की ज्यांच्या ज्यांच्या मांडवात आपण बुंदी खाल्ली ते सगळेच राहिले. मग जिल्हा परिषद सर्कलमधले पुढारी, मग पुढाऱ्यांचे विरोधक, कारण एकालाच बोलावलं तर आपण पक्ष बदलल्याची हवा होते. शेवटी यादीच्या खाली 'चूलबंद' एवढा एकच शब्द लिहून टाकायचा, म्हणजे सगळं गाव त्यात बसतं आणि पेनाची शाई वाचते. काटकसर कुठेतरी करायलाच हवी.

पत्रिकेला दोन महिने धरा. मजकुराला नव्हे, तो छापखान्यात तयारच असतो. वेळ लागतो तो नावांना. निमंत्रक, विनीत, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, प्रेषक आणि तळाशी 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. यात एका चुलतभावाचं नाव दुसऱ्याच्या खाली गेलं, की वीस वर्षांपूर्वी मिटलेलं शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं भांडण पुन्हा उभं राहतं. ते मिटवायला तलाठी येतो, मोजणी होते, आणि मग पत्रिका दुसऱ्यांदा छापावी लागते.

मोठ्या जवायांसाठी मात्र वेगळा काळ राखून ठेवा. जवाई रुसायला एक दिवस लागतो, समजूत पटायला तीन महिने. "आमाले कोन इचारते बाप्पा? आमी तं पावने हावो," एवढं म्हणून ते फोन बंद करतात. कशासाठी रुसले हे त्यांनी सांगायचं नसतं, आपण ओळखायचं असतं. घाईच्या लग्नात बिचाऱ्यांना रुसायलाही सवड मिळत नाही आणि तो राग ते पुढच्या पिढीपर्यंत जपतात.

प्री-वेडिंग शूटिंगही आता खेड्यात आलं आहे, आणि त्याला चिखलदरा लागतो. तिथलं धुकं पावसाळ्यातलं, आणि पावसाळ्यात कपाशीवर फवारणी. त्यामुळे नवरदेव पाठीवरचा पंप धुऱ्यावर उतरवतो, भाड्याचा सूट चढवतो आणि दरीकडे तोंड करून उभा राहतो. डोक्यावर ड्रोन फिरतो. इकडे बोंडअळी निवांत असते.

आता तारखेचं पाहू. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, देव झोपलेले. तुळशीचं लग्न लागलं की माणसांना परवानगी मिळते, पण तेव्हा कपाशी फुटलेली असते आणि वेचायला बाया मिळत नाहीत. पौषाला आजी नको म्हणते. मग तूर, मग हरभरा, मग उलंगवाडी, म्हणजे कपाशीची शेवटची वेचणी. तोवर भाव चढेल या आशेने कापूस घरात रचून ठेवलेला असतो. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये जाहीर झाला खरा, पण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. मुद्दा एवढाच, की देण्याघेण्याच्या बैठकीला पाहुण्यांना त्या कापसाच्या खोलीत बसवू नका. अंगाला खाज सुटली की माणूस कशालाही हो म्हणतो आणि सहा महिने पुरणारा विषय तासाभरात मिटतो.

हे सगळं वजा जाता उरतो मे महिना. पारा 45 च्या वर, पत्रिकेवर मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. नवरदेव वेळेवर मारोतीच्या देवळातून निघतो, पण पुढे संदल आणि संदलापुढे पोट्टे नाचून राहिले असतात. मांडवात दोन कूलर, तेही स्टेजच्या दिशेला. मग आमदार साहेब येतात, माइक हातात घेतात आणि नवरीचं नाव बाजूच्याला विचारून शुभेच्छा देतात. अडीच वाजता मंगलाष्टकं सुरू होतात. मिनिटापर्यंत काढलेल्या मुहूर्ताचं एवढं काटेकोर पालन दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार?

मे महिना हुकलाच तर खचू नका. 2024 च्या मे महिन्यात गुरू आणि शुक्र दोघंही अस्ताला गेले होते, म्हणजे लग्नाचे मुहूर्त बंद. तेव्हा पंचांगवाल्यांनी अडलेल्या लोकांसाठी गौणकालातले मुहूर्त काढून दिले, हा खरं तर आगाऊपणाच झाला. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. ग्रहांनी एवढी आयती सवड दिली असताना पळवाट शोधणाऱ्याला काय म्हणावं? हंगाम गेला तर जाऊ द्या, दिवाळीनंतरचा धरा. तेवढ्यात आचाऱ्याच्या यादीत वांग्याची भाजी आणि डाळभाजीच्या जोडीला मंचुरियन येतं, पंगत जाऊन बुफे येतो आणि म्हातारी माणसं ताट हातात घेऊन खुर्ची शोधत फिरतात.

सरकारच्या नादी तर मुळीच लागू नका. 1954 चा विशेष विवाह कायदा म्हणतो, नोटीस द्या, 30 दिवस थांबा, तीन साक्षीदार आणा आणि सह्या करा. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न केलं नाही तर ती नोटीसच बाद. म्हणजे त्यापलीकडे कोणाला तयारी करायची असेल, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नाही. आणि साक्षीदार म्हणे तीन! आपल्याकडे तीन माणसं नुसती जनरेटरजवळ बसवावी लागतात. त्याहून वाईट काळ 2021 च्या एप्रिलमध्ये आला होता. कोरोनापायी राज्य सरकारने लग्नाला 25 माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली, मोडणाऱ्याला 50 हजार रुपये दंड. त्या दोन तासांत लागलेल्या लग्नांचे संसार बाकीच्यांसारखेच चाललेत, लेकरंबाळंही झालीत. सुदैवाने या गोष्टीचा फारसा बोभाटा झाला नाही.

पैशांची चिंता करू नका, त्यासाठी पीककर्ज आहे. पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य. कागदावर ते पेरणीसाठी असतं, पण हातात येतं मे-जूनमध्ये. आता लग्न मे महिन्यात आणि कर्जही मे महिन्यात, हा योगायोग पत्रिका जुळल्याशिवाय होत नाही. कर्जाची रक्कम डीजेवाल्याकडे गेली की बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर आणायचं. त्याचं व्याज किती, हे लग्नघरी विचारू नये, अशुभ असतं. आपले शेंडगावचे गाडगेबाबा उभा जन्म कीर्तनातून सांगत फिरले, की कर्ज काढून लग्न करू नका. आपण त्यांचं ऐकलं नाही असं कोण म्हणेल? बाबांचा फोटो ग्रामपंचायतीत लावला आहे आणि देण्याघेण्याच्या बैठका त्या फोटोखालीच बसतात, कारण तिथला पंखा चालू असतो.

खरी कसोटी साक्षगंधाच्या दिवशी आहे. त्या दिवशी धोक्याची माणसं ओळखता आली पाहिजेत. रिटायर झालेला मास्तर हा एक. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजवणारा बुढा हा दुसरा. सगळ्यांत घातक म्हणजे नुकतंच स्वतःच्या पोरीचं लग्न धूमधडाक्यात लावून दोन एकर गहाण ठेवलेला मामा. तो जेवताना गप्प असतो, कोणाशी बोलत नाही, आणि एकदम उभा राहून म्हणतो, "पोट्टा हाय, पोट्टी हाय, पावनेही हायेत. मंग काहाले थांबता? आजच लावून टाका लगन." एकदा हे वाक्य मांडवात पडलं की दोन्हीकडचे इवाई एकमेकांकडे पाहतात, मनातल्या मनात हिशेब करतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तुम्ही कधी पाहिलं नसेल असं हसू येतं. तिथेच सगळं संपतं.

म्हणून या मामाला दारातल्या गाड्या लावायच्या कामावर नेमा. माइक कोणाच्या हाती लागू देऊ नका. तांदळाला हळद लावून ठेवू नका. नवरदेवाच्या आईजवळ पर्समध्ये मंगळसूत्र नाही ना, याची खात्री करून घ्या, काही बाया फार दूरचा विचार करून येतात. आणि नवरानवरीला शेजारीशेजारी फार वेळ बसवू नका, ती दोघं आधीच तयार असतात.

एवढं करूनही लगन लागलंच, तर रडत बसू नका. रिसेप्शन शिल्लक आहे. त्याला मुहूर्त लागत नाही, चातुर्मास आडवा येत नाही, गुरू-शुक्राशी त्याचं देणंघेणं नाही. त्याची तारीख आरामात वर्षभरानंतरची धरा, यादी तीनशेपासून सुरू करा, जवायांना रुसायला सवड द्या. तोवर घरात पाळणा हलला तर लोक सुचवतील, की बारसंही त्याच मांडवात उरकून घ्या. अजिबात ऐकू नका. बारशाला वेगळी बिछायत सांगा.