ग्रुपवर लिहिण्यापेक्षा बेल वाजवा

आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस जोरात वाद चाललाय. वरच्या मजल्यावर वाढदिवसाला रात्री साडेअकरापर्यंत स्पीकर चालू होता म्हणून अर्धे म्हणतात पोलिसांना बोलवायला हवं होतं, अर्धे म्हणतात वर्षातून एकदा असतं घ्या सांभाळून, आणि मधेच कुणीतरी मला विचारतं की तुमच्या जर्मनीत असलं चालतं का.

वेळेचं म्हणाल तर फरक नाही हो. इथे साधारण रात्री 10 ते सकाळी 6 शांतता, आणि आपल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही रात्र 10 ते 6 अशीच धरलीय, रहिवासी भागात तेव्हा 45 डेसिबलची मर्यादा. इथे जास्तीचा म्हणजे रविवार, त्या दिवशी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत.

पण म्हणून इथले शेजारी शहाणे आणि आपले अडाणी, हे मला अजिबात पटत नाही. आम्ही नवीन असताना कुणीतरी दारावर चिठ्ठी चिकटवली, नाव नाही काही नाही, फक्त "रात्री खुर्च्या ओढू नका". इतकं लागलं मला ते! आठवडाभर जिन्यात जो दिसेल त्याच्याकडे संशयाने बघायचे. शेवटी खालच्या घराची बेल वाजवली आणि विचारलं, नक्की कधी ऐकू येतं? आजी म्हणाल्या साडेदहाला, म्हणजे आमची जेवणं आटपतात तेव्हा. खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवले, संपला विषय. आता आमच्याकडे पाहुणे येणार असले की मी आधीच खाली सांगून येते.

ग्रुपवर शंभर जणांसमोर बोललं की समोरचा चूक मान्य करतच नाही, तो भांडायलाच उभा राहतो. त्याच रात्री रागात पण जाऊ नये, दुसऱ्या दिवशी जावं, आणि "तुम्ही फार आवाज करता" असं न म्हणता नेमकं सांगावं, की स्पीकरच्या बरोबर खाली आईची खोली आहे, तो हॉलमध्ये ठेवाल का. दोनदा सांगून ऐकलं नाही तर मग कमिटी, पोलीस, सगळं करावं, तिथे संकोच नको, घरात आजारी माणूस असतं हो.

दादाला काल फोनवर हेच सांगितलं, ग्रुपवर काही लिहू नकोस, संध्याकाळी वर जा, आणि एकटाच जा.