भारमान

बाबा एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते. अमेरिकेत येऊन चौथ्या दिवशी म्हणाले, "तुझ्या गाडीत बसून पाय आखडले. आज बसनं जाऊ."

आमच्या शहरात बस आहे, असं मी ऐकून होतो. स्टॉप म्हणजे गवतात रोवलेला खांब. फुटपाथ नाही, शेड नाही. फेरी तासाला एक. मोबाइलवर बस ४ मिनिटांवर होती, मग ३, २, १ आणि गायब. रस्त्यावरून काहीही गेलं नाही.

"फेरी रद्द," बाबा शांतपणे म्हणाले. "ड्रायव्हर नसणार."

पुढचा तास मोकळाच होता, म्हणून मी बाबांना इथल्या बसच्या पैशांचा हिशेब सांगितला. पेट्रोलवर केंद्राचा कर गॅलनला १८.४ सेंट; १९९३ पासून दमडीही वाढलेली नाही. त्यातले २.८६ सेंट बस-रेल्वेला, बाकी जवळजवळ सगळे रस्त्यांना. बरं, त्या पैशातून बस घेता येते. पण मोठ्या शहरांना ती रोज चालवायचा खर्च, म्हणजे ड्रायव्हरचा पगार, डिझेल, केंद्राकडून १९९८ पासून एरवी मिळत नाही. कोरोनात, २०२० साली, २५ अब्ज डॉलर दिले. ते कधीच संपले.

"म्हणजे हत्ती आंदण दिला, चाऱ्याचं तुमचं तुम्ही बघा," बाबा म्हणाले आणि डब्यातला तिसरा लाडू काढला.

बस आली. बाबांना बघून, चढायला सोपं जावं म्हणून, फुस्स करत एका अंगाला झुकली. बाबा हरखलेच. "आमच्या लाल डब्यानं जन्मात कुणापुढं मान तुकवली नाही!"

दोघांचे चार डॉलर. मी पाचाची नोट घातली, मशीननं गिळली. सुटे परत मिळत नाहीत. "तिकिटामागं लिहून तरी द्यायचं," बाबा पुटपुटले, पण मशीनकडे बघण्यात थोडा आदरही होता.

आत चाळीस सीट, माणसं आम्ही धरून पाच. "भारमान साडेबारा टक्के," बाबांनी बसायच्या आधीच सांगितलं. "आमच्याकडं डेपो मॅनेजरनं उभं केलं असतं."

पुढच्या स्टॉपवर एक बाई उतरली. दार लागलं. बाबांचा हात सवयीनं वर गेला आणि खिडकीवरची पिवळी दोरी त्यांनी दोनदा ओढली. डबल बेल. जाऊ द्या.

इथं दोरी ओढली की 'थांबा'. ड्रायव्हरनं पुढच्या स्टॉपवर बस उभी केली, दार उघडलं, आरशातून मागं पाहिलं. कुणीच उठेना.

"हा का थांबलाय?" म्हणत बाबांनी पुन्हा डबल बेल दिली.