एका कानात चौदा वर्षं, न मग नेरूळ

परवा पुन्हा एकानं पानठेल्यावर छेडलंच, काहून बे, तो मुंबईचा इंग्रजी ऑर्केस्ट्रा पाहाले गेलता ना तू, काय समजलं त्यातलं तुले? म्हणजे जानेवारी 2025 मधला कोल्डप्ले ह्या इंग्रजी बँडचा कार्यक्रम. हसलो न घरी आलो. पण डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहूनच टाकतो. लांब आहे, वाचायचं तर वाचा.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात. 2010 च्या आसपास तालुक्याच्या मोबाईल दुकानात वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून द्यायचे. हिंदी, भीमगीतं, नाटकातली गाणी, आणि जागा उरली की दुकानवाला आपल्या मनानं 'इंग्लिश मिक्स' नावाचं एक फोल्डर ढकलून द्यायचा. त्यातलं 'ट्रॅक 07' मी वर्षभर ऐकलं, बँड कोणता, गाणारा कोण, काही पत्ता नाही. इअरफोनची डावी बाजू बंद होती. रात्री बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, पाणी लावायला गेलो की उजव्या कानात ते गाणं न डाव्या कानात बेंडकं. पुढं नागपूरला शिकायला गेलो, होस्टेलच्या पोरानं सांगितलं की हे कोल्डप्ले आहे, लंडनचे, कॉलेजात भेटलेले चौघं. त्याचे इअरफोन कानात घातले तेव्हा कळलं की ह्या गाण्यात डाव्या बाजूनं एक अख्खी गिटार वाजून राहिली आहे जी माझ्या हिशोबात नव्हतीच.

शिक्षण झालं, परत गावी आलो, न इथं ह्या बँडचा फॅन मी एकटा. शहरातल्या लोकांना हे सांगूनही समजत नाही. धोनी आवडतो म्हटलं तर पानठेल्यावर चार जण भांडायला तयार असतात, पण ज्याचं नावच कोणाला माहीत नाही त्याच्यावर तुमच्याशी भांडणार कोण? आवड असते पण ती सांगता येत नाही, मग हळूहळू आपण ते गाणं घरात म्हणायलाही लाजतो.

22 सप्टेंबर 2024 ला दुपारी 12 वाजता त्यांच्या मुंबईच्या कार्यक्रमाची तिकिटं सुटली तेव्हा मी टाकीवर चढून बसलो होतो, गावात नेटवर्क तिथंच पकडते. ॲप म्हणे तुमच्यापुढे सहा लाखांवर लोक आहेत. उतरलो खाली. नंतर 21 जानेवारीचा तिसरा कार्यक्रम वाढवला, तोही गेला. मग ब्लॅकवाल्यांचे भाव ऐकून तर वाटलं एवढ्यात जुना ट्रॅक्टर येईल.

पण ह्या बँडची एक पद्धत आहे, 'इन्फिनिटी' तिकीट म्हणतात. थोडीशी तिकिटं मुद्दाम स्वस्त ठेवतात, आपल्याकडे तेव्हा 2000 रुपयाला एक, न घ्यायची जोडीनंच, बाजूबाजूच्या दोन सीट. जागा कोणती ते त्या दिवशी खिडकीवर गेल्यावरच कळते. नोव्हेंबरात ती सुटली न देवाच्या कृपेनं, खरं म्हणजे टाकीच्या कृपेनं, मला लागली. आता जोडी आणायची कुठून? धानाचे चुकारे आले नव्हते, सोबतचे पोट्टे म्हणे दोन हजारात युरिया येते. शेवटी काका तयार झाले. वय 58, झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या, नाटकाचे एवढे वेडे की दिवाळी ते होळी त्यांना घरी झोपलेलं कोणी पाहिलं नाही. त्याच हप्त्यात आमच्याकडे शंकरपट (बैलांची शर्यत) न नाटक होतं, ते सोडून आले. हा त्याग लहान नाही, त्यांच्या दोस्तांनी महिनाभर ऐकवलं.

गोंदियावरून विदर्भ एक्सप्रेस, ठाण्याला उतरलो, तिथून लोकलनं नेरूळ. डी. वाय. पाटील स्टेडियमच्या गेटवर तपासणीत काकांच्या खिशातून खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) तीन पन्न्या निघाल्या न सरळ डब्यात गेल्या. काका पहिला अर्धा तास बँडवर नाही, त्या डब्यावर नाराज होते.

सीट भेटली एकदम वर. खोटं कायले बोलू, गाणारा मुंगीएवढा दिसत होता, पाहायचं ते मोठ्या पडद्यावर. आवाजही हवेसोबत इकडे तिकडे. आमच्या नाटकात तुम्ही पुढच्या रांगेत असले तर ऑर्गनवाल्याच्या बोटातली अंगठीही दिसते. हा फरक मी मान्य करतो, न ज्यांनी बारा-बारा हजार दिले तेही मुंगीच पाहून आले असतील तर मला त्यांची कीव येते.

सगळ्यांच्या मनगटावर एक पट्टा देतात, तो तिकडून रिमोटसारखा पेटवतात. पिवळ्या रंगाचं त्यांचं ते 2000 सालचं 'यलो' गाणं लागलं न सारं स्टेडियम कापणीला आलेल्या धानासारखं पिवळं झालं. काकांनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला, म्हणे सेल कुठं आहे याचा? मधे गाणारा लोकांच्या हातातले फलक वाचून दाखवत होता, कोणाचा वाढदिवस, कोण कुठून आलं. काका लगेच, हे तं आपल्या नाटकासारखंच आहे रे, फक्त कोणी किती बक्षीस दिलं ते नाही सांगून राहिला. एका गाण्यात तो मधेच थांबतो न म्हणतो फोन खिशात ठेवा, मग पुन्हा सुरुवातीपासून. बहुतेकांनी ठेवले. रीलसाठी जातात म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

आणि मग माझं ट्रॅक 07 आलं. पहिल्या ओळीलाच बाजूचा पोरगा, मागच्या दोन बाया, खालची अख्खी रांग, सगळे तेच म्हणून राहिले होते. माझा आवाज आधी निघालाच नाही. चौदा वर्षं हे गाणं मी एकट्यानं ऐकलं होतं न आता प्रत्येकाला तोंडपाठ! थोडा रागही आला, खरं सांगतो, माझी वस्तू कोणीतरी सगळ्यांना वाटल्यासारखा. मग म्हणायला लागलो, तर कळलं की दुसऱ्या कडव्यातले माझे शब्दच चुकीचे आहेत, बाजूचा पोरगा बरोबर म्हणत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हसला न तीच ओळ मोठ्यानं म्हटली. मी ऐकून ऐकून दुरुस्त केलं. चौदा वर्षांत मला दुरुस्त करणारा पहिला माणूस तो. नाव विचारलं नाही.

दहाच्या आत खेळ खलास. काकांना धक्काच बसला, आमच्याकडे त्या वेळेला पडदा उघडते. न एकही वन्समोर नाही म्हणे, पन्नास हजार लोकं काय कामाची?

26 जानेवारीला अहमदाबादचा कार्यक्रम मोबाईलवर लाईव्ह दाखवला, तो मी टाकीवर बसून पाहिला. चेहरे, बोटं, घाम, सगळं स्वच्छ दिसलं, स्टेडियमपेक्षा दहापट चांगलं. ट्रॅक 07 ला मी मोठ्यानं म्हटलं, बरोबर शब्दांत, तर खालून एक म्हातारा ओरडला, कोण मरून राहिलं बे वरती?

पट्टा परत द्यायचा असते, काकांनी नाही दिला, दुपट्ट्यात बांधून आणला. घरी पेटत नाही. काकू म्हणे घड्याळ बंद पडलं का.

आता पुन्हा कधी येतील तेव्हा येतील, ते स्वस्त तिकीट जोडीनंच घ्यावं लागते. कोणाला यायचं असेल तर आधी सांगा, कारण काका तयारच आहेत, खर्रा कुठं लपवायचा एवढंच त्यांचं ठरायचं आहे.