टिंब का स्वल्पविराम, एकदाचं लिहा की!

जर्मनीच्या ड्रॉइंगवर स्वल्पविराम दशांशाचा, म्हणून १,२५० म्हणजे सव्वा. उद्यमनगरात आमच्या शेडमध्ये तेच साडेबाराशे! त्यांचं १.२५० उलट साडेबाराशे, आपलं सव्वा. नवीन पोरगं मशीनवर उभं राहून विचारतंय, "दादा, हे किती धरू?" त्यानं काय कपाळ बघून ओळखायचं? तक्त्यात त्यांचं १२,५००, म्हणजे साडेबारा, तसंच उतरवलं की संगणक बिनदिक्कत साडेबारा हजार करतो. मिलिमीटर हं! आणि आपला लाखाचा स्वल्पविराम तिसऱ्याच जागी, १,००,०००.

वजनमापांच्या जागतिक परिषदेनं २००३ मध्येही स्पष्ट सांगितलंय: दशांशाला टिंब वापरा नाहीतर स्वल्पविराम, पण हजारांच्या मध्ये दोन्ही नकोत, नुसती मोकळी जागा सोडा. १२ ५००. एवढी जागा सोडायला काय जातं रे? ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक ओळ लिहायला हात दुखतात?