काट्यावर ड्रायव्हरही चढतो

गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. गेल्या आठवड्यात तो भाच्याकडून माझ्यापर्यंत आला, खाली प्रश्न: "मामा, खरंय का हे?" मजकूर थोडक्यात असा: रेसिंग कार्ट (शर्यतीची बिनछताची, बुटकी चिमुकली गाडी) ८० किलोचं, इंजिन ५० हॉर्सपॉवरचं, म्हणजे टनामागे ६२५ हॉर्सपॉवर. बुगाटी वेरॉन या सुपरकारला टनामागे ५३०च. सबब कार्ट बुगाटीला भारी. शिवाय ते ३ सेकंदांत ताशी १०० किमीची शंभरी गाठतं, म्हणजे थेट फॉर्म्युला वनच्या तोडीचं. आणि म्हणूनच मॅक्स वर्स्टॅपनसारखे फॉर्म्युला वन चॅम्पियन कार्टमधून घडतात.

भागाकार बरोबर आहे. घोटाळा त्याच्या आधीच झालाय: वरात निघाली आणि नवरदेव घरीच राहिला. कार्ट चालवायला माणूस लागतो, आणि तो ७०-७५ किलोचा असतो. वेरॉनच्या १,८८८ किलोंत ७५ किलोंची भर पडली तर आकडा ५३० वरून ५१० वर येतो, फारसं काही बिघडत नाही. कार्टमध्ये मात्र माणूस म्हणजे जवळजवळ निम्मं वजन.

कार्ट रेसिंगवाल्यांना हे मुळातच ठाऊक असतं. ५० हॉर्सपॉवरच्या आसपासचं कार्ट म्हणजे केझेड वर्गातलं: १२५ सीसी, टू-स्ट्रोक, सहा गिअर. या वर्गाचं किमान वजन १७५ किलोच्या आसपास, आणि ते ड्रायव्हरसकट मोजतात. शर्यत संपली की पोरगं हेल्मेट-सूटसकट कार्टबरोबर काट्यावर. किमान वजनापेक्षा कमी भरलं तर निकालातून नाव बाद. म्हणून हडकुळ्या पोरांच्या सीटला शिशाचे ठोकळे बोल्टने आवळलेले दिसतात. (८० किलो हाही हात आखडूनच धरलेला आकडा. गिअरबॉक्स, रेडिएटर, पुढचे ब्रेक धरले की केझेड नव्वदीच्या पुढे जातं.)

आता ५० भागिले १७५ करा. टनामागे साधारण २८६. हा आकडाही भन्नाटच आहे, उगाच नाक मुरडू नये. ड्रायव्हर बसवून पोर्शे ९११ कॅरेरा २४५च्या आसपास भरते आणि ९११ जीटी३ ३४० च्या. केझेड या दोघींच्या मधलं. पण बुगाटी? तिच्या निम्म्याहून जरासं वर. आणि फॉर्म्युला वन तर वेगळ्याच गावची: २०२४ च्या नियमांत ड्रायव्हरसकट किमान ७९८ किलो, ताकद हजाराच्या घरात. टनामागे साडेबाराशे.

मग कार्ट आणि फॉर्म्युला वन शंभरी जवळजवळ सारख्याच वेळात कशी गाठतात? मजकुरातला हा मुद्दा वरवर सगळ्यात पटणारा आहे, आणि मजा अशी की तोच मजकुराच्या विरुद्ध जातो. साडेचारपट गुणोत्तर असून फॉर्म्युला वनला शंभरीला अडीच सेकंदांच्या वर लागतात, कारण तिथवर प्रश्न इंजिनाचा नसतोच. टायर रस्त्याला किती धरतो, एवढाच असतो. गुरुत्वाकर्षणाइतका प्रवेग अखंड मिळाला तरी शंभरीला २.८ सेकंद लागतात. जादा ताकद तिथे नुसती चाकं फिरवते. फरक दिसतो तो शंभरीनंतर.

तिथे कार्टसमोर हवा उभी राहते. वेग दुप्पट केला की हवा कापायला आठपट ताकद लागते, आणि या हिशेबात वजन जवळजवळ येतच नाही. छाती उघडी टाकून बसलेला ड्रायव्हर म्हणजे चालती भिंत. वेरॉनने २००५ मध्ये ताशी ४०० किमी ओलांडले ते हजार हॉर्सपॉवरच्या जोरावर. टनामागे किती, हे सर्वोच्च वेगाला कोणी विचारत नाही.

चॅम्पियनांबद्दलचं अर्धं खरं आहे. वर्स्टॅपनने २०१३ मध्ये याच केझेड वर्गाचं जागतिक विजेतेपद फ्रान्समधल्या व्हॅरेनला जिंकलं, आणि २०१५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये होता. पण कार्ट त्याला जे शिकवून गेलं ते गुणोत्तराने नव्हे. कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरेन्शियलही नसतं. मागचा धुरा अखंड, दोन्ही चाकं एकाच गतीने फिरणार. वळणावर आतलं चाक कमी अंतर कापतं, म्हणजे ते फरफटणार आणि कार्ट सरळच पळू पाहणार. उपाय एकच: आतलं मागचं चाक क्षणभर उचललं गेलं पाहिजे. स्टिअरिंगच्या भूमितीमुळे पुढचं आतलं चाक खाली दाबलं जातं, चासीच्या (सांगाड्याच्या) नळ्या पिळवटतात आणि मागचं चाक हलकं होतं. सीट कुठे बोल्ट केली, ड्रायव्हर किती टेकून बसला, यावरही ते ठरतं. मजकुराने ज्याला वजनातून वगळलं, तोच इथे यंत्राचा भाग असतो. वळणावरचा हा हिशेब अंगात मुरतो, तो टनामागच्या हॉर्सपॉवरमध्ये कुठेच दिसत नाही.

तीसेक हॉर्सपॉवरचं रोटॅक्स मॅक्स वर्गातलं कार्ट घेतलं तर ड्रायव्हरसकट १६२ किलो, टनामागे १८५. आपल्या चाकणला बनणारी केटीएम ३९० ड्यूक मोटरसायकल, स्वारासह, जवळपास तेवढीच.

आणि भाच्याच्या मजकुरासोबतचा फोटो तर रोटॅक्सचाही नव्हता. चौफेर प्लॅस्टिकचे जाड बंपर, मागे जनरेटरवर असतं तसलं होंडाचं फोर-स्ट्रोक इंजिन: भाड्याचं कार्ट, दहा मिनिटांच्या तिकिटावर मिळतं ते. ९ हॉर्सपॉवर, माणसासह सव्वादोनशे किलो, टनामागे ४०. स्विफ्ट एकट्या ड्रायव्हरसह ८० च्या वर भरते. भाच्याच्या आजोबांची, अजून अंगणात उभी असलेली मारुती ८०० सुद्धा पन्नाशी गाठते. हे त्याला कळवलं, तर उत्तर आलं: "मामा, मग ८०० ची किल्ली कुठेय?"